उत्तर घानातील गावांत विद्यार्थी प्रकल्प: भागीदार शोधण्यापासून हस्तांतरणापर्यंत

पश्चिम आफ्रिकेतील खेड्यांत शिक्षणासाठी किंवा उपजीविकेसाठी काही करू पाहणारे विद्यार्थी बहुतेक वेळा वस्तूपासून सुरुवात करतात. सौरदिवे, वापरलेले संगणक, पुस्तकांची खोकी किंवा एखादे यंत्र आधी ठरते, त्यावर निधी गोळा होतो आणि गाव सर्वांत शेवटी शोधले जाते. हा क्रम उलटा केला, म्हणजे आधी माणसे, मग गावाचे वर्ष, मग काम आणि शेवटी वस्तू असे ठरवले, तर प्रकल्प टिकण्याची शक्यता बरीच वाढते. हा उलटा क्रम येथे उत्तर घानाच्या संदर्भात मांडला आहे. घानाचा राज्यकारभार इंग्रजीत चालतो, त्यामुळे भारतातून किंवा युरोप-अमेरिकेतील विद्यापीठांतून जाणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांना तेथील कार्यालयांशी पत्रव्यवहार जमतो. शिवाय विद्यार्थ्यांनी गावात राहून काम करण्याची पद्धत तेथे आधीपासून रुजलेली आहे.

भागीदार

उत्तर घानातील तमाले या शहरात मुख्यालय असलेले युनिव्हर्सिटी फॉर डेव्हलपमेंट स्टडीज हे विद्यापीठ 1992 मध्ये स्थापन झाले. तेथे तिसऱ्या सत्रात वेगवेगळ्या विद्याशाखांच्या विद्यार्थ्यांचे मिश्र गट खेड्यांत राहायला पाठवले जातात. हे विद्यार्थी आधी गावाची माहिती संकलित करतात आणि पुढच्या टप्प्यात गावकऱ्यांसह कामाचे प्रस्ताव तयार करतात. आपल्याकडे राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर ज्यांनी केले आहे, त्यांना ही कल्पना नवी वाटणार नाही, परंतु तेथील मुक्काम आठवड्यांचा असतो आणि तो अभ्यासक्रमाचाच भाग असतो. बाहेरून येणाऱ्या गटाने पहिले पत्र अशा विद्यापीठाच्या विभागाला लिहावे. स्थानिक विद्यार्थ्यांना दागबानी, दगारे किंवा गुरुने यांपैकी एखादी भाषा घरची असते, गावातील बाजाराचे दिवस ठाऊक असतात आणि आपण परतल्यावरही ते दोन-तीन तासांच्या अंतरावर असतात. त्यांचा उल्लेख अहवालात दुभाषे म्हणून नव्हे, तर सहलेखक म्हणून व्हावा आणि हे सुरुवातीलाच लेखी ठरवून घ्यावे.

भागीदार मिळाल्यानंतर एक किंवा फार तर दोनच गावे निवडावीत. रस्त्यालगतच्या गावांत पूर्वीच्या संस्थांचे फलक रांगेने उभे असतात. तेथे जाऊन आणखी एक फलक लावण्यापेक्षा, त्या फलकांमागची कामे आज कोणत्या स्थितीत आहेत, हे पाहण्यात एक दिवस घालवावा. बंद पडलेली गिरणी आणि कुलूपबंद संगणक कक्ष जितके शिकवतात, तितके कोणताही अभ्यास अहवाल शिकवत नाही.

गावात प्रवेश

परवानगीचे तीन दरवाजे आहेत आणि तिन्ही ठोठावावे लागतात. पहिला जिल्हा असेंब्लीचा, म्हणजे बहुतांश निवडून आलेल्या स्थानिक शासनाचा. दुसरा, शाळेशी संबंध येणार असेल तर घाना एज्युकेशन सर्व्हिस या सरकारी शाळांच्या यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाचा. त्यांच्या पत्राशिवाय मुख्याध्यापक वर्गात प्रवेश देऊ शकत नाहीत आणि तशी गळ त्यांना घालूही नये. तिसरा दरवाजा गावप्रमुखाचा. दागबोन प्रदेशात येंडी येथील या-ना या राजापासून खाली उतरत आलेली प्रमुखांची परंपरा आजही जिवंत आहे, आणि प्रमुखाच्या भेटीला जाताना चघळायच्या कोला बिया नेण्याचा रिवाज आहे. भेटीत पादत्राणे काढावी लागतात, खाली बसावे लागते आणि बोलणे थेट प्रमुखाशी न होता मध्यस्थ मानकऱ्यामार्फत होते. ही भेट लवकर आटोपण्याची घाई दाखवली, तर पुढच्या सगळ्या बैठका थंड होतात.

वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाला अभिवादन करणे हे तेथे शिष्टाचारापेक्षा जास्त आहे. सकाळी कोणी ‘दासिबा’ म्हटले की ‘ना’ म्हणायचे, मग घरचे कसे आहेत, झोप कशी झाली, काम कसे चालले आहे, असे प्रश्न येतात आणि प्रत्येकाला पुन्हा ‘ना’. एवढे दागबानी पहिल्या दिवशी यावे.

प्रमुखाच्या परवानगीनंतर स्त्रियांच्या प्रतिनिधीला, जिला बऱ्याच ठिकाणी मगाजिया म्हणतात, स्वतंत्रपणे भेटावे. ही भेट सोबतच्या स्त्री दुभाषीमार्फतच व्हावी. पुरुष दुभाषी कितीही चांगला असला तरी कर्ज, नवऱ्याचे पैसे, मुलीचे शहरात जाणे हे विषय त्याच्यासमोर उघडत नाहीत.

गावाचे वर्ष

दक्षिण घानात पावसाचे दोन हंगाम असतात, तर उत्तरेत एकच, साधारण मे ते ऑक्टोबर. मक्याची, बाजरीची, भुईमुगाची आणि याम या कंदाची बहुतेक शेती याच काळात होते. शिया या रानझाडाची फळे, ज्यांच्या बियांतून लोण्यासारखी चरबी काढतात, साधारण एप्रिल-मेपासून ऑगस्टपर्यंत पडतात, आणि नेमक्या याच महिन्यांत मागील वर्षाचे धान्य संपत आलेले असते. स्त्रिया पहाटे अंधारातच रानात जातात, गवतात साप-विंचू असतात, आणि परतून पुन्हा शेतात उभे राहायचे असते. भारतातील महाविद्यालयांची उन्हाळी सुट्टी या काळाच्या तोंडावर पडते आणि परदेशी विद्यापीठांची सुट्टी तर थेट त्यातच. विद्यार्थ्यांना मोकळा वेळ असतो, तेव्हा गावाला श्वास घ्यायला वेळ नसतो, ही या प्रकारच्या प्रकल्पांतील सर्वांत सामान्य आणि सर्वांत कमी बोलली जाणारी अडचण आहे.

म्हणून वर्षाचे दोन भाग करावेत. सुगीनंतर, म्हणजे नोव्हेंबर ते मार्च या कोरड्या काळात, बैठका, प्रशिक्षण, बांधकाम आणि हिशेबाचे वर्ग ठेवावेत. डिसेंबर-जानेवारीत सहाराकडून हरमाटन वारा येतो, धूळ घशाला लागते, पण लोक घरी असतात. पावसाळ्यात गेलातच तर केवळ पाहणी करावी: कोण किती बिया आणते, त्या कोणाला विकते, कोणत्या भावाने. रमजानचा महिनाही आधी पाहून घ्यावा, कारण दागबोनमध्ये मुस्लिम लोकसंख्या मोठी आहे. कोरड्या काळाची एक दुसरी बाजूही आहे. शेतीचे काम नसल्यामुळे अनेक मुली आणि तरुण स्त्रिया दक्षिणेतील अक्रा व कुमासी या शहरांच्या बाजारांत डोक्यावरून ओझी वाहायला जातात. त्यांना तेथे कायायेई म्हणतात. आपल्या गटाची यादी करताना या मुली गैरहजर असतील, तर प्रकल्प ज्यांच्यासाठी आहे त्याच निसटतील. घरोघरी विचारून त्यांची नावे आणि परतण्याचा अंदाजे महिना नोंदवावा.

शाळेचे काम

परदेशी विद्यार्थ्यांनी काही आठवडे स्वतः वर्ग घेणे, हा प्रकार शक्यतो टाळावा. मुलांना मजा येते, छायाचित्रे चांगली येतात आणि नियमित शिक्षकाचा अभ्यासक्रम मागे पडतो. बाहेरच्या गटाला खरे काम करता येईल अशी जागा वेगळी आहे. ती म्हणजे, वरच्या इयत्तेत पोहोचूनही ज्यांना वाचता येत नाही अशा मुलांसाठी स्थानिक तरुणांना तयार करणे.

या कामाची पद्धत मराठी वाचकाच्या घराजवळची आहे. 1990च्या दशकाच्या मध्यात मुंबईत सुरू झालेल्या प्रथम संस्थेने बालसखींच्या, म्हणजे स्थानिक तरुणींच्या, माध्यमातून मागे पडलेल्या मुलांचे स्वतंत्र गट घेतले. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी मुंबई व वडोदरा येथे त्याचा काटेकोर अभ्यास केला. पुढे हीच कल्पना घानात शासनाच्या साहाय्याने मोठ्या प्रमाणावर तपासली गेली. तेथे गावातील तरुण सहायकांनी घेतलेल्या गटांत मुलांच्या वाचनात स्पष्ट सुधारणा दिसली, पण सहायकांचे मानधन वेळेवर न मिळणे ही व्यवस्थेची कमजोर कडी ठरली. विद्यार्थी प्रकल्पाने ही दुसरी गोष्ट पहिल्याइतकीच लक्षात ठेवावी.

प्रत्यक्षात काम असे चालते. तिसरी ते सहावीच्या प्रत्येक मुलाला एकेकटे बसवून एकच पान दाखवावे, ज्यावर वरून खाली अक्षरे, सुटे शब्द, चार ओळींचा सोपा उतारा आणि एक लहान गोष्ट असते. मूल उताऱ्यापासून सुरुवात करते. तो जमला तर गोष्ट, अडखळले तर शब्द, तेही न जमले तर अक्षरे. एका मुलाला तीन-चार मिनिटे लागतात. तपासणारा चूक दुरुस्त करत नाही, मान डोलावत नाही, फक्त मूल ज्या पायरीवर थांबले ती नोंदवतो. दिवसाअखेर त्या याद्यांवरून गट पडतात आणि या गटांना इयत्तेशी देणेघेणे नसते. सहावीतला उंच मुलगा तिसरीतल्या मुलीशेजारी अक्षरांच्या गटात बसतो. त्यामुळे त्याची थट्टा होणार नाही, याची काळजी पहिल्या आठवड्यात घ्यावी लागते. मग रोज एक तास, शक्यतो मुख्याध्यापकांनी वेळापत्रकातच काढून दिलेला, प्रत्येक गट आपल्या पायरीवर काम करतो. दर काही आठवड्यांनी तीच तपासणी पुन्हा करून मुले पुढच्या गटात सरकवायची.

पान कोणत्या भाषेत असावे, हा प्रश्न शाळेला विचारूनच सोडवावा. घानात सुरुवातीच्या इयत्तांत मातृभाषेला स्थान आहे, आणि 2009 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय साक्षरता कार्यक्रमात अकरा भाषांतून साहित्य तयार झाले. त्यांत दागबानी, दगारे, कासेम आणि गोंजा होत्या, पण बोल्गातांगा भागातील गुरुने नव्हती. तेव्हा तमालेजवळ तयार केलेले साहित्य बोल्गातांगात चालेल, असे गृहीत धरू नये. पुस्तके द्यायचीच असतील तर ती त्या भाषेत, घानात छापलेली आणि घानातून विकत घेतलेली असावीत. मुंबईतून किंवा लंडनहून जाणारी जुन्या इंग्रजी पुस्तकांची खोकी पाठवण्याच्या खर्चात तेथे कितीतरी जास्त नवी पुस्तके येतात.

ज्या गावांत मुले शाळेतच जात नाहीत, तेथे स्कूल फॉर लाइफ या कार्यक्रमाचा आराखडा अभ्यासावा. 1995 पासून उत्तर घानात चालवलेल्या या वर्गांत शाळेबाहेरची मुले नऊ महिने, दुपारच्या वेळी, मातृभाषेत लिहा-वाचायला शिकत आणि नंतर नियमित शाळेत दाखल होत. वर्ग सुगीच्या सुमारास सुरू होऊन शेतीचा हंगाम भरात येण्यापूर्वी संपत. शिकवणारा तरुण गावानेच निवडलेला असे. विद्यार्थी गटाने असा वर्ग स्वतः उभा करण्याचा हट्ट धरू नये. एखाद्या चालू वर्गाला पाट्या, कंदील, सहायकाची सायकल आणि तपासणीचे काम पुरवणे अधिक उपयोगाचे आहे.

उपजीविकेचे काम

उत्तर घानातील स्त्रियांच्या उत्पन्नात शियाचे स्थान मोठे आहे, आणि विद्यार्थ्यांचे लक्षही सर्वप्रथम तिकडेच जाते. यंत्राचा विचार करण्यापूर्वी एक पूर्ण दिवस लोणी काढणाऱ्या स्त्रियांसोबत बसावे. फळाचा बाहेरचा गोड भाग खाल्ला जातो. बिया उकळून, वाळवून, फोडून आतला गर काढतात. तो कुटतात, मोठ्या कढयांत भाजतात आणि गिरणीवर दळून आणतात. दळलेला गडद तपकिरी लगदा परातीत घेऊन, थोडे थोडे पाणी घालत, कोपरापर्यंत हात बुडवून तो मळत-फेसत राहतात. बराच वेळ काहीच घडत नाही, मग रंग हळूहळू फिकट होत राखाडी-पांढरा होतो आणि चरबी वर येऊ लागते. पाण्याचे तापमान कधी बदलायचे, हे स्त्रिया हाताच्या स्पर्शाने ठरवतात. वर आलेली चरबी काढून, धुऊन, पुन्हा उकळून, गाळून थंड करतात. साधारण तीन किलो गरातून एक किलोच्या आसपास लोणी मिळते.

आता हिशेब मांडावा आणि तो स्त्रियांसमोर, खडूने, जमिनीवर मांडावा. तीन किलो गराचा आजचा बाजारभाव, गिरणीची दळणावळ, सरपण, पाणी आणि श्रमाचे तास एका बाजूला, तर एक किलो लोण्याचा भाव दुसऱ्या बाजूला. कित्येकदा असे दिसते की, लोणी काढण्यातून सुटणारी रक्कम श्रमांच्या मानाने नगण्य आहे आणि फायदा खरे तर गर केव्हा विकला यावर ठरतो. हंगामाच्या सुरुवातीला घरात धान्य नसते, म्हणून गर मिळेल त्या भावाने जातो. तोच व्यापारी काही महिन्यांनी चढ्या भावाने पुढे विकतो. अशा गावात लगदा मळण्याचे यंत्र आणणे म्हणजे दुखणे एकीकडे आणि औषध दुसरीकडे. तेथे गोळा केलेल्या बिया लवकर उकळणे, गर नीट वाळवणे, त्यातील ओलावा सात टक्क्यांच्या जवळ आणणे, प्लास्टिकच्या गोण्यांऐवजी तागाच्या पोत्यांत, जमिनीपासून उंच फळ्यांवर साठवणे आणि सगळ्यांनी मिळून एकदम विकणे, हा प्रकल्प ठरतो. दिसायला तो अगदीच साधा आहे. देणगीदारांना दाखवायला त्यात पोत्यांशिवाय काही नाही, पण मी तरी हाच निवडेन.

साठवायचे म्हटले की प्रश्न येतो, तोवर घर कशावर चालवायचे? याचे उत्तर बचत गटात आहे, मात्र महाराष्ट्रातील बचत गटाचा साचा येथे जसाच्या तसा उचलू नये. आपल्याकडे गट बँकेशी जोडला जातो, कर्ज बँकेतून येते आणि गट वर्षानुवर्षे चालतो. पश्चिम आफ्रिकेत रुजलेली पद्धत 1991 मध्ये नायजरमधील मराडी भागात केअर या संस्थेने सुरू केली. तिच्यात बँक नसते. साधारण पंधरा ते पंचवीस स्त्रिया ठरलेल्या दिवशी गोल करून बसतात. मधोमध लोखंडी पेटी असते, तिला तीन कुलुपे आणि तीन किल्ल्या तीन वेगळ्या घरांत. प्रत्येक सदस्य क्रमांकाने पुढे येते, एक ते पाच हिस्से विकत घेते आणि प्रत्येक हिश्श्यापोटी तिच्या पुस्तिकेत एक शिक्का उमटतो, त्यामुळे निरक्षर सदस्यही आपली बचत बोटाने मोजू शकते. शेवटी पेटीतील रक्कम मोठ्याने सांगितली जाते. पुढच्या बैठकीत पेटी उघडण्यापूर्वी ती पाठ म्हणून दाखवायची असते. पेटीतून सदस्यांना कर्ज मिळते आणि वर्षाअखेर सर्व रक्कम व्याजासह हिश्श्यांप्रमाणे वाटून गट नव्याने सुरू होतो. विद्यार्थ्यांनी गटाशी चर्चा करायची ती या वाटपाच्या महिन्याची. वाटप मे-जूनच्या सुमारास आले, तर ऐन ओढीच्या दिवसांत घरात पैसा असतो आणि गर घाईने विकावा लागत नाही. पेटीत बाहेरची देणगी टाकू नये. आयता पैसा आला की कर्जे थकतात आणि बैठकाही.

यंत्र आणायचेच असेल तर मालीचा अनुभव वाचून मग आणावे. तेथे 1990च्या दशकाच्या मध्यापासून स्त्रियांच्या गटांना एकाच चौकटीवर डिझेल इंजिन, पिठाची गिरणी, सोलणीयंत्र आणि बॅटरी चार्जर असा संच देण्यात आला. इंजिने बहुधा भारतीय बनावटीची, आपल्या विहिरींवर धडधडणाऱ्या लिस्टर पद्धतीची होती. पाणी-सरपण-कुटणे यांत जाणारे स्त्रियांचे तास त्यामुळे वाचले, मुलींना शाळेसाठी वेळ मिळाला, पण जेथे सुटे भाग, मेकॅनिक आणि डिझेलचा खर्च दळणावळीतून निघत नव्हता, तेथे संच थांबले. म्हणून यंत्रापूर्वी तीन गोष्टी लेखी हव्यात: सर्वांत जवळचा मेकॅनिक कोण, सुटा भाग तमालेत मिळतो का, आणि दर महिन्याला दुरुस्तीसाठी किती रक्कम बाजूला ठेवायची. एकूण निधीचा निदान पाचवा हिस्सा खरेदीसाठी न वापरता देखभालीसाठी राखावा.

पैसा

भारतातील नोंदणीकृत धर्मादाय न्यासाने देशाबाहेर खर्च केल्यास त्या रकमेवर प्राप्तिकराची सवलत आपोआप मिळत नाही. त्यासाठी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची मंजुरी लागते. त्यामुळे महाविद्यालयाच्या किंवा मंडळाच्या न्यासातून रक्कम पाठवण्याचे आश्वासन देण्यापूर्वी सनदी लेखापालाचा सल्ला घ्यावा. परदेशात शिकणाऱ्यांनी विद्यापीठाच्या वित्त विभागामार्फतच व्यवहार करावा. घानात पैसे भागीदार संस्थेच्या बँक खात्यात जावेत, कोणा एका विद्यार्थ्याच्या नावे नव्हे. गावातील लहान खर्च मोबाइल मनीने होतात आणि त्याचा प्रत्येक संदेश हीच पावती असते. अंदाजपत्रक सेदी या घानाच्या चलनात मांडून त्यात महागाईची जागा ठेवावी. डिसेंबर 2022 मध्ये घानातील महागाईचा वार्षिक दर 54.1 टक्क्यांवर गेला होता, आणि त्या वर्षीचे अंदाजपत्रक ज्यांनी डॉलरच्या जुन्या दराने गोठवले होते, त्यांचे काय झाले असेल हे सांगायला नको.

सहायकांचे मानधन प्रकल्प सुरू होण्यापूर्वीच पूर्ण कालावधीसाठी भागीदाराकडे जमा करावे. ते जमा होत नसेल तर विद्यार्थ्यांची विमानाची तिकिटे कमी करावीत. चौघांऐवजी दोघे गेले, तर काम बिघडत नाही.

आरोग्य आणि छायाचित्रे

घानात प्रवेशासाठी पीतज्वराच्या लसीचे प्रमाणपत्र लागते आणि भारतात परततानाही ते तपासले जाते. लस मुंबईसह काही शहरांतील अधिकृत केंद्रांतच मिळते आणि प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य होते, तेव्हा शेवटच्या आठवड्यावर ढकलू नये. हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि मच्छरदाणी स्वतःच्या हिताने वापरावी. उत्तर घाना मेनिंजायटिसच्या, म्हणजे मेंदूच्या आवरणाच्या संसर्गाच्या, पट्ट्यात येतो आणि साथ कोरड्या महिन्यांत, म्हणजे आपल्या भेटीच्याच काळात पसरते, म्हणून त्या लसीबद्दलही विचारावे.

मुलांची छायाचित्रे पालक आणि शाळा यांच्या लेखी संमतीशिवाय घेऊ नयेत, आणि वाचन तपासणीच्या नोंदींत नावांऐवजी क्रमांक वापरावेत. विद्यापीठाच्या नीतिसमितीची मान्यता लागत असेल, तर ती जाण्याच्या कित्येक महिने आधी मागावी.

हस्तांतरण

हस्तांतरणाची तारीख पहिल्याच बैठकीत, गावप्रमुख व मगाजिया यांच्यासमोर जाहीर करावी. शाळेतील तपासणीचे पान, गटांच्या याद्या आणि सहायकाची दैनंदिनी मुख्याध्यापकांकडे राहते आणि तिची प्रत जिल्हा शिक्षण कार्यालयाकडे जाते. पोत्यांची नोंदवही व गोदामाची किल्ली गटाकडे राहते. यंत्राची मालकी गटाच्या नावाने जिल्हा असेंब्लीत नोंदवली जाते. यानंतर विद्यार्थ्यांकडे एकच काम उरते, ते म्हणजे पुढील वर्षभर स्थानिक भागीदार विद्यार्थ्यांकडून महिन्यातून एकदा चार आकडे मागवणे: वर्गाला येणारी मुले, सहायकाला मिळालेले मानधन, गोदामातील पोती आणि त्या दिवशीचा गराचा बाजारभाव. चौथा आकडा ठेवायचे कारण असे की, निर्यातीची धोरणे झपाट्याने बदलतात. ऑगस्ट 2025 मध्ये नायजेरियाने कच्च्या शियाच्या निर्यातीवर सहा महिन्यांची बंदी घातली. असे निर्णय झाले की शेजारच्या देशांतील भावही हलू शकतात, आणि पोती आता विकायची की आणखी थांबायचे, हे गटाला त्या महिन्यात ठरवावे लागते. भाव सलग दोन महिने उतरत असेल, तर भागीदार विद्यार्थ्यांनी गटाची जादा बैठक बोलवावी आणि किती पोती तत्काळ विकायची, याचा निर्णय सदस्यांच्या मतानेच व्हावा.